आठवा ठोका

“किती मारलेस?” बाईंनी विचारलं.

“अकरा.”

“बसवलंस?”

“हो. बसवलं.”

“ते कळलं रे. बसलं कधी?”

डॉ. सौमित्र हेर्लेकरला प्रश्न समजला नाही. एरवी समोरच्याचं विचारून पुरं व्हायच्या आत त्याचं उत्तर तयार असे. पण बसवणं आणि बसणं यांत फरक काय, हे त्याला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं.

“अकराव्या ठोक्याला,” त्यानं ठोकून दिलं.

बाई उजेडाच्या पेटीवर लावलेल्या एक्स-रेकडे बघत राहिल्या.

बाई म्हणजे डॉ. रत्नप्रभा आवटी. वय एकाहत्तर, उंची जेमतेम पाच फूट, आणि मिरजेत मणक्यांच्या शस्त्रक्रिया करण्यात चाळीस वर्षं गेलेली. त्यांना मॅडम म्हणायची कुणाची छाती नव्हती. शिपायापासून बड्या सर्जनपर्यंत सगळ्यांच्या त्या बाईच.

त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर बाई बसत. दुसरीवर जुन्या एक्स-रेच्या पाकिटांचा ढीग बसलेला असे. पेशंट आला की बाई त्याला आपली खुर्ची देत आणि स्वतः उभ्या राहत. शिष्य मात्र सदाचा उभा. सौमित्रनं पहिल्याच दिवशी पाकिटं उचलायला हात घातला होता. “राहू दे,” बाई म्हणाल्या होत्या. त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

सौमित्र चौतिशीतला, हुशार, आणि आपण हुशार आहोत याची पक्की खबर असलेला. दोन वर्षं परदेशात शिकून आलेला. दोन मणक्यांच्या मध्ये हाड बसवण्याच्या साऱ्या रीती त्याला तोंडपाठ होत्या. पाठीतून, कुशीतून, पोटाकडून, तिरकं जाऊन, बोटभर भोकातून नळी घालून. कुणी विचारलं तर तो कागदावर चित्रं काढून सांगे. विचारलं नाही तरी सांगे.

पण उजेडाच्या पेटीवरचं चित्र त्याच्या चित्रांसारखं नव्हतं.

दस्तगीरचाचांच्या कमरेतल्या दोन मणक्यांमधली झिजलेली गादी काढून तिथं त्यानं हाडाचा चुरा भरलेली एक छोटी पेटी ठोकून बसवली होती. ती दोन मणक्यांना टेकू देणार, तिच्या आतून हाड वाढणार, आणि वर्षभरात दोन मणके एक होणार, असा हिशेब. पण तिसऱ्याच महिन्यात पेटी खालच्या मणक्यात रुतली होती. ओल्या जमिनीत खाटेचा पाय रुतावा तशी.

“हाड ठिसूळ होतं, बाई,” सौमित्र म्हणाला.

नाचता येईना अंगण वाकडं, असं बाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, “चाचांना काय सांगितलंस?”

“हेच. की हाड ठिसूळ आहे.”

“कुणाचं?”

सौमित्रनं मान खाली घातली. पण क्षणभरच.

“आता मागून नको जायला, बाई. पोटाकडून जाऊ. किंवा कुशीतून, म्हणजे रुंद पेटी घालता येईल. तिरका रस्ताही…”

“पाच रस्ते ठाऊक आहेत तुला.”

“हो.”

“कुठल्याही रस्त्यानं गेलास तरी हात हाच नेणार ना?”

“हातोडी ठेव इथं,” बाई म्हणाल्या.

“किती दिवस?”

“मला काय ठाऊक?”

त्यानं बॅगेतली हातोडी काढून टेबलावर ठेवली. जरा जोरातच ठेवली.

आता इथं बाईंची एक सवय सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. शस्त्रक्रिया चालू असताना शिष्य हाड ठोकू लागला की बाई टेबलाच्या पलीकडे डोळे मिटून उभ्या राहत. एक्स-रेच्या पडद्याकडे बघत नसत, जखमेकडे बघत नसत. नुसत्या ऐकत. आणि मग एकच शब्द बोलत. “बस.” तो शब्द आला की हातोडी जिथल्या तिथं थांबायची. चाळीस वर्षांत त्यांचं ‘बस’ एकदाही लवकर आलं नव्हतं, एकदाही उशिरा आलं नव्हतं.

सौमित्रनं चाचांचं हाड बसवलं त्या दिवशी बाई कोल्हापूरला गेल्या होत्या. बस म्हणणारं कुणी नव्हतं. पडद्यावर पेटी अगदी मधोमध दिसेपर्यंत तो मारत राहिला होता.

दोन दिवस सौमित्र नुसता धुमसत होता. पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळाचं बोलावणं त्याच्या खिशात होतं. तिथं त्याला खुर्ची मिळणार होती, केबिन मिळणार होतं, आणि बसवलं-बसलंच्या कोड्यात कुणी टाकणार नव्हतं. त्यानं होकाराचं पत्रसुद्धा लिहिलं.

पण ते टपालात पडेना. डोळ्यांपुढे चाचा येत. एक्स-रे काढून निघताना ते म्हणाले होते, “डाक्टर, आपलं नशीबच ठिसूळ, तुमी तरी काय करनार?” आणि त्यानं ते ऐकून मान हलवली होती. एका म्हाताऱ्या माणसानं आपली चूक स्वतःच्या नशिबावर घेतली आणि आपण ती घेऊ दिली, याची त्याला मनापासून लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो चाचांकडे गेला.

दस्तगीरचाचा तंबोरे बनवत. मिरजेतल्या त्या गल्लीत घराघरांतून भोपळे टांगलेले असत आणि कुणी ना कुणी तार छेडत असे. चाचांचं सगळं आयुष्य जमिनीवर मांडी घालून गेलं होतं. तंबोऱ्यावर वाकायचं, तारांखालच्या घोडीला कान लावायचा, कानस फिरवायची, पुन्हा कान लावायचा. आता दहा मिनिटं बसलं तर उजव्या पायातून आग उठे.

सौमित्र आत गेला तेव्हा चाचा चटईवर कुशीवर पडून काम करत होते. एका कोपरावर भार, दुसऱ्या हातात कानस. शेजारी दोन तंबोरे होते. तंबोऱ्यांची जोडी असते. यातला एक बोलत होता, दुसरा अजून मुका.

“या, या डाक्टर. बसा की.”

सौमित्र उभाच राहिला.

“चाचा, तुमचं हाड ठिसूळ आहे हे खरं.”

“सांगितलंत की मागं.”

“पण ते मला आधीच ठाऊक होतं. ठाऊक असून मी जास्त ठोकलं. पडद्यावर चित्र बरं दिसावं म्हणून. तुमचं नशीब नाही, चाचा. माझा हात चुकला.”

चाचांनी कानस खाली ठेवली.

“किती ज्यास्त?”

“तीन… चार ठोके.”

चाचांचा चेहरा लाल झाला. ते उठू बघत होते, पण कळ आली आणि पुन्हा आडवे झाले.

“इतकं दिस म्या अल्लाला बोल लावला, डाक्टर! पाचाच्या पाच नमाजांत इचारलं, माज्याच हाडाला का म्हनून! आन् तुमी आज सांगताय?”

बाहेर कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होतं. सौमित्र तसाच उभा राहिला. निघून जावं असं त्याला फार वाटलं, पण तो गेला नाही.

बऱ्याच वेळानं चाचांनी हात लांब करून कोनाड्यातली एक डबी काढली आणि जमिनीवर उपडी केली. आतून घोड्या पडल्या. बोटभर लांबीच्या, पांढऱ्या, घासून गुळगुळीत झालेल्या.

“ह्ये काय हाय?” चाचांनी विचारलं.

“घोड्या. तारा यांच्यावरून जातात.”

“कशाच्या?”

“…हाडाच्या?”

“उंटाच्या हाडाच्या. म्याबी जलमभर हाडंच बसवतोय. ह्या समद्या बिघडलेल्या. एक कानस ज्यास्त फिरली का जवारी गेली, तारंची गुंज गेली. घासलेलं हाड पुन्ना वाढत न्हाई.”

“मग काय करता?”

“नवी घ्यायची. करनार मातर ज्यानं बिघडवली त्योच.”

सौमित्रनं एक घोडी उचलून पाहिली.

“चाचा, दुसरं ऑपरेशन बाई करतील.”

“बाईंचा हात कदी चुकलाय?”

“नाही.”

“मग त्यास्नी काय म्हाईत, कुटं चुकतं त्ये?”

परदेशातल्या परीक्षेत सौमित्रला असलं कुणी विचारलं नव्हतं.

“बसा खाली,” चाचा म्हणाले. “आन् ती कानस घ्या.”

दुसरी शस्त्रक्रिया लगेच होणार नव्हती. हाडात जरा बळ यावं म्हणून बाईंनी चाचांना दोन महिने इंजेक्शनं सुरू केली होती. तेवढे दिवस सौमित्र रोज दुपारी, बाह्यरुग्ण विभाग आटपला की, त्या गल्लीत जाई. पँट घट्ट, मांडी घालता येत नसे. दुसऱ्या आठवड्यात तो पायजमा घालून आला. गल्लीतली माणसं हसली. त्यानं हसू दिलं.

शेंडी तुटो की पारंबी, हे शिकल्याशिवाय इथून हलायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

शिकण्यासारखं दिसायला काहीच नव्हतं. घोडी तारांखाली ठेवायची. तार छेडायची. ऐकायचं. काढायची. कानस दोनदा फिरवायची. पुन्हा ठेवायची. पुन्हा ऐकायचं.

“आता?” तो विचारी.

“न्हाई.”

“आता?”

“न्हाई.”

“आता?”

“गेली!” चाचा ओरडत, आणि घोडी डबीत जाई.

पहिल्या आठवड्यात त्याच्या हातून चार घोड्या गेल्या. दुसऱ्यात पाच. तिसऱ्यात चाचांनी त्याला स्वच्छ शिव्या दिल्या.

“डाक्टर, तुमी घोडीकडं बगताच न्हाई. माज्या तोंडाकडं बगताय. म्या न्हाई म्हनतोय का हो म्हनतोय. माजं तोंड हाडाचं हाय का?”

दुसऱ्या दिवसापासून सौमित्रनं विचारणं बंद केलं. घोड्या मात्र जातच राहिल्या, सांगण्याजोगी सुधारणा काही झाली नाही. मग सातव्या आठवड्यातल्या एका गुरुवारी, कानस उचलता उचलता, त्यानं ती पुन्हा खाली ठेवली. का, ते त्याला सांगता आलं नसतं. चाचा पाठ करून पडले होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. फक्त हात मागं करून सुती दोऱ्याचा एक तुकडा त्याच्याकडे सरकवला. तो दोरा तारेखाली सारायचा असतो, घोडी पुरी झाली म्हणजे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी चाचा बाईंच्या खुर्चीत बसले होते. बाई शेजारी उभ्या. सौमित्र दाराशी उभा.

“बाई, हाड ह्येंनीच बसवायचं,” चाचा म्हणाले.

“विचार करा, चाचा. पाठ तुमची आहे.”

“म्हनूनच केलाय.”

बाईंनी सौमित्रकडे पाहिलं. दोन महिने टेबलाच्या खणात पडलेली हातोडी काढली.

“मी समोर उभी राहीन,” त्या म्हणाल्या.

“हो, बाई.”

“मी बस म्हणायच्या आत तू थांबायचंस. मला म्हणावं लागलं, तर हातोडी माझ्या हातात द्यायची.”

“हो.”

“आणि पुन्हा मागायची नाही. कधीच.”

सौमित्रनं हात पुढं केला. हातोडी त्याला पूर्वीपेक्षा जड लागली.

पहिल्या वेळी पाठीतून घातलेले स्क्रू सैल करून चाचांना उताणं केलं, आणि बाईंनी त्याला पोटाच्या डाव्या बाजूनं वाट करून दिली. आतडी एका अंगाला, मोठ्या रक्तवाहिन्या दुसऱ्या अंगाला. रुतलेली पेटी निघायला वेळ लागला. ती काढली तेव्हा खालच्या मणक्यातला खड्डा दिसला. सौमित्रनं तो नीट पाहिला. नजर चुकवली नाही.

या खेपेला तयार पेटी नव्हती. चाचांच्याच कमरेच्या हाडाचा एक तुकडा घ्यायचा, त्याला आकार द्यायचा, आणि मणक्याची बाहेरची टणक कड धरून तो बसवायचा असं ठरलं होतं. मधलं हाड मऊ असतं, कड भार घेते.

सौमित्रनं तुकडा घेतला. कानस मागितली. घासलं. दोन मणक्यांमध्ये ठेवून पाहिलं. काढलं. पुन्हा घासलं.

“सर, बरोबर बसतोय की,” सिस्टर म्हणाल्या.

“अजून नाही.”

ठेवलं. काढलं. दोनदा कानस फिरवली. ठेवलं. काढलं. सिस्टरनी घड्याळाकडे पाहिलं. पाचव्या खेपेला त्यानं कानस ताटलीत टाकली आणि हातोडी घेतली.

पलीकडे बाईंनी डोळे मिटले.

एक. दोन. आवाज पोकळ होता, रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा.

तीन.

चार. आवाज भरत चालला होता.

पाच. सहा. हाताला आतून काहीतरी परत येऊ लागलं.

सात.

आवाज आखूड झाला. घुमला नाही, लांबला नाही. निघाला तिथंच राहिला.

“सर, अजून तीन मिलिमीटर,” पडद्याजवळचा एक्स-रेवाला म्हणाला. “मग अगदी मधोमध येतंय बघा.”

सौमित्रनं पडद्याकडे पाहिलं. खरंच होतं. आणखी एक ठोका, फार तर दोन, की चित्र पुस्तकात छापण्याजोगं झालं असतं. त्याचा हात वर गेला.

त्यानं बाईंकडे पाहिलं. डोळे मिटलेले. ओठ मिटलेले.

बाई बस म्हणाल्या नव्हत्या. म्हणजे आठवा मारायला हरकत नव्हती… की होती? त्या एका शब्दासाठी त्याचा जीव कासावीस झाला. त्यांनी म्हटलं असतं तर हातोडी कायमची गेली असती. तरीही त्यांनी म्हणावं, आणि आपली या क्षणातून सुटका व्हावी, असं त्याला वाटून गेलं.

मग त्याला चाचांची शिवी आठवली. माजं तोंड हाडाचं हाय का?

त्यानं बाईंच्या चेहऱ्यावरची नजर काढली. पडद्यावरची काढली. हात तसाच वर होता. आत, दोन मणक्यांच्या मध्ये, तो हाडाचा तुकडा गप्प होता. त्याला काही मागायचं राहिलं नव्हतं.

सौमित्रनं हातोडी ताटलीत ठेवली. हळू ठेवली, तरी त्या खोलीत ती सगळ्यांना ऐकू आली.

“सर? तीन मिलिमीटर…”

“राहू दे,” सौमित्र म्हणाला.

बाईंनी डोळे उघडले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही. ताटलीतल्या हातोडीकडे पाहिलं.

“पोट शिवून घे. मग पालथं करून मागचे स्क्रू घट्ट कर,” त्या म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.

तासाभरानं त्यानं त्यांना व्हरांड्यात गाठलं.

“बाई, बसलं का?”

“मला काय विचारतोस?” बाई चालता चालता म्हणाल्या.

हाडाला घाई नसते, आणि घाई केली तर ते ऐकत नाही. सौमित्र वाट बघू लागला. सहा आठवड्यांचा एक्स-रे काहीच सांगत नव्हता. तिसऱ्या महिन्याचा एक्स-रे त्यानं स्वतः लावला. मागच्या वेळी इथंच पेटी रुतली होती. हाड जागेवर होतं. मधोमध नव्हतं, तीन मिलिमीटर अलीकडे होतं. पण जागेवर होतं.

त्या संध्याकाळी त्यानं पुण्याचं पत्र फाडून टाकलं. बाईंना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. खोलीत तो उभा राही, खुर्चीवर पाकिटं बसलेली असत, आणि कामं चालू राहत. हातोडी त्याच्याकडे होती. ऑपरेशनच्या वेळी बाई समोर डोळे मिटून उभ्या राहत, आणि त्यांना बोलावं लागत नसे.

नवव्या महिन्यात चाचा आले.

रिक्षातून आले, ते तंबोरा घेऊन. बाईंच्या खोलीत शिरले, बाईंनी खुर्ची सोडायच्या आत त्यांनी भिंतीशी फरशीवर बैठक मारली. मांडी घातली. अंग सैल सोडलं, तंबोरा खांद्याशी घेतला.

“चाचा, अहो, खाली कशाला?” सौमित्र पुढं झाला.

“आवो, ह्येच्यासाठीच तर पाठ कापून घ्येतली न्हवं का? दोनदा!”

सौमित्रला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. त्यानं घाईनं नवा एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला.

बाई उठून पेटीजवळ आल्या.

“तू बसवलेलं हाड दाखव.”

सौमित्रनं बोट ठेवलं. मग ते जरा वर नेलं. मग खाली. ज्या कडेवर त्यानं पाच वेळा कानस फिरवली होती, ती कड त्याला अंधारात डोळे मिटून काढता आली असती. पण ती तिथं नव्हती. वरचा मणका कुठं संपतो आणि खालचा कुठं सुरू होतो, तेही दिसत नव्हतं. वरपासून खालपर्यंत एकच हाड होतं.

“सापडत नाही, बाई.”

“हं.”

मागं चाचांनी तार छेडली. दुसरा तंबोरा होता तो, जोडीतला, मुका राहिलेला. आवाज खोलीभर पसरला आणि बराच वेळ राहिला.

“किती मारले होतेस?” बाईंनी विचारलं.

“सात.”

“आठवा?”

“मारला नाही.”

“आणि बसलं कधी?”

सौमित्रनं तोंड उघडलं. एके काळी याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. आकड्यासकट होतं. त्यानं तोंड मिटलं. पुन्हा एकदा एक्स-रेकडे पाहिलं.

“ठाऊक नाही, बाई,” तो म्हणाला. “मी तोवर थांबलो होतो.”

बाई दुसऱ्या खुर्चीपाशी गेल्या. जुन्या एक्स-रेच्या पाकिटांचा ढीग त्यांनी दोन्ही हातांनी उचलला. सौमित्र मदतीला धावला, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. ढीग खाली फरशीवर ठेवला. पदरानं खुर्चीवरची धूळ पुसली.

“बस.”